बर्फातला ससा आणि आपली नजर



सांगलीच्या आमच्या जुन्या पेढीत गादीच्या वर एक चित्र टांगलेले असे. रात्रीची वेळ, बर्फाने झाकलेली टेकडी, टेकडीवर उभा असलेला एकटा लांडगा, थंडीत दिसणारी त्याच्या श्वासाची वाफ आणि खाली दूरवर खेड्यातील घरांच्या उजळलेल्या खिडक्या. कोणा व्यापाऱ्याने दिवाळीला दिलेल्या दिनदर्शिकेवरचे ते चित्र वडिलांना इतके आवडले की, वर्ष सरल्यावर त्यांनी तारखांचा भाग कापून टाकला आणि चित्राला चौकट करून घेतली. हळदीच्या सौद्यांत आयुष्य घालवलेल्या माझ्या वडिलांनी बर्फाळ डोंगर कधी पाहिला नव्हता आणि मोकळा लांडगाही पाहिला नव्हता. तरी ते म्हणत, "हा आपल्यासारखाच आहे. सगळ्यांची घरे दिसतात, पण स्वतः मात्र बाहेर उभा." वसुलीसाठी महिन्यातले पंधरा दिवस गावोगाव फिरणाऱ्या माणसाचे ते बोलणे होते, हे मला फार उशिरा उमगले.

मागील महिन्यात ती चौकट घरी आणून भिंतीला लावीत असता सात वर्षांच्या नातीने विचारले, "आजोबा, ह्याचे आईबाबा कुठे आहेत?"

वडिलांनी त्या लांडग्यात स्वतःला पाहिले. नातीने लांडग्याला पाहिले. चित्रकलेच्या इतिहासात ज्यांना स्वच्छंदतावाद आणि वास्तववाद अशी भारदस्त नावे आहेत, त्या दोन दृष्टी माझ्या घरात तीन पिढ्यांच्या अंतराने एकाच चित्रासमोर उभ्या राहिल्या. या महिन्याच्या सदरात त्यांच्याविषयीच लिहावयाचे आहे.

स्वच्छंदतावाद, ज्याला आपण बोलताना 'रोमँटिक' म्हणतो, तो अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात बहरला. निसर्ग हा मानवी भावनांचा आरसा आहे, वादळात आपला क्षोभ आणि एकाकी शिखरात आपले एकाकीपण दिसते, अशी ती धारणा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये तिच्याविरुद्ध वास्तववाद उभा राहिला. 1855 साली पॅरिसमध्ये मोठे जागतिक प्रदर्शन भरले असता गुस्ताव्ह कुर्बे या चित्रकाराने त्याच्या शेजारीच स्वतःचा स्वतंत्र मंडप उभारला आणि त्यावर वास्तववादाची पाटी लावली. डोळ्यांना दिसते ते रंगवावे, सजवू नये, हा त्याचा आग्रह.

या दोन दृष्टींची खरी कसोटी हिवाळ्यातील वन्य प्राण्यांच्या चित्रांत लागते. बर्फ पडला की रानातील सगळा पसारा झाकला जातो. गवत नाही, पाने नाहीत, वाट नाही. पांढऱ्या पटावर एकच जीव उरतो. तो भुकेला असतो आणि त्याला लपायला जागा नसते. अशा वेळी पाहणाऱ्याचे मन आपोआप द्रवते, आणि चित्रकाराला त्या द्रवलेल्या मनाचा फायदा घेण्याचा मोह होतो. त्यात आपल्यासारख्या उष्ण प्रदेशातील प्रेक्षकाची अडचण अशी की, चित्र खरे की खोटे हे ताडून पाहण्याचा अनुभवच त्याच्यापाशी नसतो. हिमप्रदेशातील प्राणी आपण बहुधा चित्रांतूनच ओळखतो. नमुना न पाहता माल घेण्यासारखेच हे झाले.

वडिलांचा नियम होता: हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय भाव बोलू नये. चला, काही चित्रे तशी मोडून पाहू.

प्रथम आमच्याच भिंतीवरचे. पुढे शोध घेता कळले की, मूळ चित्र आल्फ्रेड फॉन व्हिएरुश-कोवाल्स्की या पोलिश चित्रकाराचे. 1849 साली सुवाल्की येथे जन्मलेला हा कलावंत पुढे म्युनिकला स्थायिक झाला आणि 1915 साली तेथेच निवर्तला. बर्फातून धावणाऱ्या घसरगाड्या आणि लांडगे हे त्याचे आवडते विषय. एकाकी लांडग्याच्या त्याच्या चित्राच्या छापील प्रती विसाव्या शतकात दूरदूरच्या देशांत घरोघरी पोहोचल्या. याचे कारण उघड आहे. त्यातील प्रत्येक वस्तू आपल्याला एकच गोष्ट सांगते: आत ऊब आहे, बाहेर हा आहे. लांडगा निमित्तमात्र, विषय एकाकीपणाचा.

आता आतला रंग. लांडगा हा कुटुंबवत्सल प्राणी आहे. त्याचा कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची एक-दोन वर्षांची पिल्ले. कळपात बळाने एक नायक होतो आणि बाकीच्यांना दाबून ठेवतो, ही समजूत पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या परक्या लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकाच्या 1970 सालच्या पुस्तकाने ती लोकप्रिय केली आणि 1999 साली त्यानेच रानातील निरीक्षणांच्या आधारे ती दुरुस्त केली. आपले मत जाहीरपणे मागे घेणारा असा विद्वान विरळा. एकटा लांडगा असतो, नाही असे नाही. पण तो बहुधा आईबापांचे घर सोडून जोडीदार आणि स्वतःचा मुलूख शोधायला निघालेला तरुण असतो. त्याला शाप वगैरे काही नसतो. तो संसार मांडायला निघालेला असतो. म्हणजे नातीचा प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. त्याचे आईबाबा आहेत, मागे कोठेतरी आहेत.

स्वच्छंदतावादी चित्रकाराला प्राण्याचे ज्ञान नसते, असे मात्र समजू नये. इंग्लंडचा एडविन लँडसीर (1802–1873) याने तरुणपणी प्राण्यांची शवविच्छेदने करून स्नायू आणि हाडे अभ्यासली होती. लंडनला गेलेल्या वाचकांनी ट्रफाल्गर चौकातील चार सिंह पाहिले असतील. ते 1867 साली बसवले गेले आणि त्यांचा शिल्पकार हाच. 1864 साली त्याने एक मोठे हिमचित्र रंगवले. त्याच्या शीर्षकाचा आशय असा की, माणूस बेत करतो आणि ईश्वर निकाल देतो. 1845 साली सर जॉन फ्रँकलिन दोन जहाजे घेऊन उत्तर ध्रुवाकडच्या बर्फातून पश्चिमेचा सागरी मार्ग शोधण्यास निघाला होता. त्याच्यासह 129 माणसांपैकी एकही परतला नाही. लँडसीरच्या चित्रात दोन ध्रुवीय अस्वले त्या मोहिमेच्या अवशेषांत शिरलेली आहेत. एक फाटके निशाण दातांनी ओढते आहे, दुसरे माणसाच्या फासळ्या चावते आहे. हे चित्र आज लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयात आहे. परीक्षेच्या वेळी त्याकडे पाहणे अशुभ, अशी विद्यार्थ्यांची समजूत असल्यामुळे परीक्षाकाळात त्यावर ब्रिटनचा राष्ट्रध्वज झाकण्याची प्रथा पडली आहे.

अस्वलांची शरीररचना चोख आहे, बर्फावरचा थंड प्रकाश चोख आहे. तरीही ती अस्वले स्वतःसाठी तेथे नाहीत. त्यांना नियतीच्या दूतांची नोकरी दिलेली आहे. ध्रुवीय अस्वलाचे मुख्य अन्न सील मासा म्हणून ओळखला जाणारा सागरी प्राणी. मोहिमेतील माणसे गेली ती भूक, थंडी आणि आजार यांमुळे. माणसांच्या महत्त्वाकांक्षेचा जमाखर्च लिहिताना चित्रकाराने नावे टाकले ते अस्वलांच्या. तपशील खरा असूनही चित्र प्राण्याविषयी खोटे बोलू शकते, हे येथे शिकावे.

मग वास्तववादी तरी खरे बोलतात काय? कुर्बे हा स्वतः शिकारी होता. फ्रान्सच्या पूर्वेकडील ओर्नां हे त्याचे गाव आणि तेथील हिमाच्छादित रान त्याच्या पायाखालचे. 1860 साली त्याने बर्फातील खोकड रंगवले. आपण सरसकट कोल्हा म्हणतो त्याहून हा प्राणी वेगळा, तांबूस अंगाचा, झुपकेदार शेपटीचा. ते खोकड नुकत्याच पकडलेल्या उंदरावर वाकले आहे आणि बर्फावर थोडे रक्त आहे. त्यात क्रौर्याचा गाजावाजा नाही आणि करुणेची याचनाही नाही. भुकेलेला जीव जेवतो आहे, इतकेच.

पण याच कुर्बेने 1867 साली साडेतीन मीटर उंच आणि पाच मीटर रुंद असे एक अवाढव्य चित्र केले. बर्फात कोसळलेला मोठ्या शिंगांचा हरीण, त्याच्यावर तुटून पडलेली कुत्री, चाबूक उगारलेला माणूस, घोड्यावरचा स्वार. बेझाँसोंच्या संग्रहालयातील हे चित्र म्हणजे वास्तववादाच्या प्रवर्तकाने उभारलेली रंगभूमीच होय. हरणाच्या मरणाला राजनाट्याचा थाट दिलेला आहे. सांगायचा मुद्दा असा की, वाद कलावंताच्या पाटीवर लिहिलेले असतात. चित्र मात्र प्रत्येक वेळी नव्याने तपासावे लागते. एकाच पेढीवरचा सगळा माल एकाच प्रतीचा नसतो.

अमेरिकेचा विन्स्लो होमर या दोहोंच्या मधल्या वाटेने जातो. मेन राज्यात समुद्रकाठी प्राउट्स नेक येथे तो एकांतात राहत असे. त्याचे 1893 सालचे खोकडाचे चित्र आज फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया अकादमीत आहे. कडक हिवाळ्यात भुकेने धीट झालेले कावळे खोकडावर चालून येत आहेत आणि खोलवर बर्फात पाय रुतल्यामुळे त्याला पळता येत नाही. होमरने आपली दृष्टी खोकडाच्या पाठीच्या उंचीवर आणून ठेवली आहे. काळे पंख वरून येतात ते जणू आपल्याच डोक्यावर. डाव्या कोपऱ्यातील त्याची सही देखील बर्फात अर्धी बुडालेली आहे. या चित्राविषयी अशी हकीकत सांगतात की, गावच्या रेल्वे स्थानकावरील परिचिताने ते पाहून कावळे कावळ्यांसारखे नाहीत असे तोंडावर सांगितले. होमरने ते पुसले, स्थानकाजवळ मक्याचे दाणे टाकून कावळे जमवले, त्यांची उड्डाणे टिपली आणि मग पुन्हा रंगवले. या चित्रात भावना आहे, आणि ती निरीक्षणाच्या पायावर उभी आहे. प्रसिद्ध कलावंताने स्थानकावरच्या माणसाचे ऐकले, ही गोष्ट मला चित्राइतकीच मोलाची वाटते.

येथवर आल्यावर एक अवघड गोष्ट सांगणे भाग आहे. स्वीडनचा ब्रूनो लिल्येफोर्स (1860–1939) हा प्राणिचित्रकारांत अग्रगण्य मानला जातो. 1884 साली त्याने रंगवलेले एक चित्र स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे: हिवाळ्यातील माळरान, खुरटी झुडपे आणि रानकोंबड्यांसारख्या काळ्या पक्ष्यांच्या थव्यावर झडप घालणारा बाज. पंखांची फडफड ऐकू यावी इतके ते जिवंत आहे. पण लिल्येफोर्सने स्वतःच नमूद करून ठेवले आहे की, तो बाज त्याने स्वतः मारला होता. मेलेला बाज आणि मेलेले पक्षी वाकवलेल्या झुडपांत मांडून, उघड्या हवेत बसून, त्याने ते चित्र पुरे केले. दिसायला सारे चैतन्यमय. वस्तुतः ते टेबलावर फळे आणि भांडी मांडून काढतात तसले स्थिरचित्रच होते, अशी कबुली त्याने दिली आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी शिकारीचे चित्र भिंतीवर लावू नये असा संस्कार असतो. तो योग्यच आहे. परंतु वरील हकीकत वाचल्यावर ध्यानात येते की, तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. कुर्बेच्या खोकडाच्या चित्रात रक्त दिसते. पण ते निसर्गातील भुकेचे रक्त आहे. दुसरीकडे रक्ताचा एकही थेंब नसलेल्या कित्येक मोहक हिमचित्रांच्या मागे बंदुकीचा बार असतो. होमरच्या खोकडासाठी आणि कावळ्यांसाठी देखील मेलेले प्राणीच नमुना म्हणून मांडलेले होते. जीवदया ही केवळ डोळ्यांना न टोचणारे दृश्य निवडण्यापुरती असेल, तर ती अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली दया होय.

या चित्रकारांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे, असे मला म्हणावयाचे नाही. त्या काळी कॅमेरा धावत्या प्राण्याला पकडण्याइतका वेगवान आणि हाताळण्यास सोपा झालेला नव्हता, दुर्बिणीतून पाहून रेखाटण्याची सवय रुळलेली नव्हती. लिल्येफोर्स जन्मभर शिकारी राहिला, हेही लपवू नये. परंतु त्याच्या कलेत एक प्रवास दिसतो, तो मात्र पाहण्यासारखा आहे. पुढे त्याने आपल्याजवळ खोकड, ससे, गरुड, घुबड असे जिवंत प्राणी ठेवले आणि वर्षानुवर्षे त्यांच्या हालचाली न्याहाळल्या. झडप, झुंज, मृत्यू यांच्याबरोबरीने त्याच्या चित्रांत नुसते बसलेले प्राणी येऊ लागले. त्यांतील हिवाळी सशांची चित्रे माझ्या विशेष आवडीची.

उत्तरेकडील डोंगरी ससा हिवाळ्यात पांढरा होतो. केवळ कानांची टोके काळी राहतात. लिल्येफोर्सने हा ससा अनेकदा रंगवला. बर्फाने वाकलेली झुडपे, त्यांत पांढऱ्यावर पांढरा असा तो जीव. प्रथमदर्शनी चित्रात काही नाहीच असे वाटावे. थोडे थांबले की कानाची काळी टोके दिसतात, मग डोळा, मग पाठीची रेघ. आणि बर्फ तरी पांढरा कोठे असतो? सावलीतल्या बर्फावर आकाशाचा प्रकाश पडतो म्हणून तो निळसर दिसतो. उन्हातला पिवळसर, संध्याकाळचा गुलाबी. जो चित्रकार बर्फाला नुसता पांढरा रंग फासतो, त्याने बर्फही पाहिलेला नसतो आणि ससाही.

या चित्रातला ससा आपल्याशी काहीच बोलत नाही. तो एकाकी नाही, शूर नाही, केविलवाणा नाही. त्याला आपण दिसलो तर तो पळून जाईल, म्हणून आपणच श्वास रोखून उभे राहतो. शिकाऱ्याला प्राणी हवा असतो तो मिळवण्यासाठी. भावविवश प्रेक्षकाला हवा असतो तो स्वतःचे दुःख त्याच्या अंगावर पांघरण्यासाठी. दोघांनाही त्याच्यापासून काहीतरी घ्यावयाचे असते. काहीही न घेता एखाद्या जीवाकडे पाहता येणे, हे त्या सशासमोर काही क्षण साधते. माझ्या मते उत्तम वास्तववाद तो हाच. ज्या हाताने हे रंगवले त्याच हाताने बंदूकही धरली होती, हे आठवले म्हणजे मन अस्वस्थ होते. पण ती अस्वस्थता झटकून टाकण्याजोगी नाही, जपून ठेवण्याजोगी आहे.

या सशाच्या कथेला एक नवे आणि गंभीर पान जोडले गेले आहे. रंग पालटण्याची सूचना त्याच्या शरीराला मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून मिळते, बर्फावरून नव्हे. पृथ्वी तापत चालल्यामुळे बर्फ उशिरा पडतो आणि लवकर वितळतो. दिवसाची लांबी मात्र पूर्वीचीच आहे. त्यामुळे उत्तर अमेरिकेतील हिमससे आणि स्कॉटलंडमधील डोंगरी ससे तपकिरी जमिनीवर पांढरेशुभ्र अंग घेऊन बसलेले आढळू लागले आहेत, आणि ते शत्रूला दुरूनही दिसतात. ज्या पांढरेपणाने त्यांना युगानुयुगे वाचवले, तोच आता त्यांना उघडे पाडतो. लिल्येफोर्सने जे डोळ्यांनी पाहून प्रामाणिकपणे रंगवले, ते दृश्य काही डोंगरांवर आता दुर्मीळ होत चालले आहे. कालचे वास्तव आपल्या देखत रम्य आठवण होऊ लागले आहे, आणि त्याला कोणाही चित्रकाराचा दोष नाही.

तेव्हा घरासाठी, दुकानासाठी किंवा पुढच्या दिवाळीच्या दिनदर्शिकेसाठी एखादे हिमचित्र निवडताना चौकटीची किंमत विचारण्यापूर्वी थोडे थांबावे. या प्राण्याला चित्रात स्वतःचे काही काम आहे, की तो आपले मन द्रवविण्याच्या नोकरीवर आहे? बर्फाला प्रकाश आहे की नुसता चुना आहे? आणि हे चित्र कोणत्या मार्गाने आले असेल? आज दूरवरून छायाचित्रे घेता येतात, तासन्‌तास लपून रेखाटने करता येतात. जुन्या चित्रकारांना नसलेली सोय आपल्या काळाला आहे, म्हणून आपली अपेक्षाही वरची असावी.

राहता राहिले आमचे लांडग्याचे चित्र. ते मी उतरवले नाही. त्यातील एकाकीपण लांडग्याचे नसेल; पण ते माझ्या वडिलांचे होते आणि मला तेवढ्यासाठी ते हवे आहे. फक्त ते लांडग्याच्या खात्यावर मांडावयाचे नाही, एवढे मी आता ठरवले आहे. नातीला मी सांगितले की, त्याचे आईबाबा टेकडीच्या पलीकडे आहेत आणि तो स्वतःचे घर शोधायला निघाला आहे. तिने चित्राकडे पुन्हा एकदा नीट पाहिले आणि विचारले, "मग तो गावाकडे का बघतोय? त्याने तिकडे जाऊ नये. लोक मारतील ना."

याचे उत्तर मला देता आले नाही.